युरोप टूरची बस ‘अजून पाच मिनिटं’ का थांबत नाही? इटलीतल्या एका दिवसाचा हिशोब

युरोपला ग्रुप टूरने जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. “सगळं छान होतं हो, पण नुसती पळापळ. जरा कुठे फोटोला उभं राहिलं की लगेच ‘चला चला, बस निघाली’.”

या तक्रारीत तथ्य आहे. अनेक घरांत ही टूर वर्षानुवर्षांच्या बचतीतून होते. निवृत्तीनंतरचा पहिला मोठा खर्च तोच असतो, किंवा मुलांनी आई-बाबांना दिलेली भेट असते. एवढे पैसे मोजून फ्लॉरेन्ससारखं शहर दोन-अडीच तासांत गुंडाळलं जातं, तेव्हा वाईट वाटणारच. मग खापर फुटतं ते टूर मॅनेजरच्या डोक्यावर, नाहीतर त्या घुम्या ड्रायव्हरवर, जो घड्याळाकडे बोट दाखवतो आणि मान हलवतो.

पण तो ड्रायव्हर नेमकं कुठलं घड्याळ दाखवत असतो? त्याने पाच मिनिटं जास्त थांबायचं ठरवलं तर काय होतं? आणि बसमध्ये बसल्यापासून हॉटेलवर पोहोचेपर्यंतच्या दिवसातला खरा ‘बघण्याचा’ वेळ किती असतो? इटलीतला एक दिवस घेऊन हे समजून घेऊया.

एक नमुन्याचा दिवस

महाराष्ट्रातून निघणाऱ्या युरोप टूर्समध्ये इटलीचा हा टप्पा बऱ्याचदा दिसतो. आदल्या दिवशी व्हेनिस झालेलं असतं आणि मुक्काम पाडुआजवळच्या हॉटेलात असतो. आज फ्लॉरेन्स बघायचं, मग पिसाचा झुकता मनोरा, आणि रात्री मोंतेकातिनी तेर्मे या गावात मुक्काम.

अंतरं बघा. पाडुआ ते फ्लॉरेन्स साधारण २३० किलोमीटर. फ्लॉरेन्स ते पिसा ९० च्या आसपास. पिसाहून मोंतेकातिनी ५० च्या आसपास. एकूण साधारण ३७० किलोमीटर. आपण मुंबईहून कोल्हापूरला जातो तेवढंच. इटलीतल्या एक्स्प्रेसवेवर, म्हणजे ‘ऑटोस्ट्राडा’वर, मोठ्या बसला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. बसमध्ये वेग रोखणारं उपकरणही बसवलेलं असतं. म्हणजे रस्ता मोकळा असला तरी ड्रायव्हर ‘दाबून’ नेऊ शकत नाही.

आता वेळापत्रक मांडू. हे कुठल्या एका कंपनीचं नाही, अंतरांवरून केलेला अंदाज आहे.

- सकाळी ७:१५: ड्रायव्हर बस तपासतो, बॅगा चढवतो
- ७:४५: बस निघते
- १०:४५: फ्लॉरेन्स (वाटेत अर्ध्या तासाचा थांबा)
- दुपारी २:४५: फ्लॉरेन्सहून प्रस्थान
- ४:१५: पिसा
- संध्याकाळी ६:१५: पिसाहून प्रस्थान
- ७:१५: मोंतेकातिनीचं हॉटेल
- ७:४५: बॅगा उतरवून, बस लावून ड्रायव्हर मोकळा

यात गाडी प्रत्यक्ष चालते फक्त पाच तास. मग कुणीतरी विचारतंच, “आठच वाजलेत, फ्लॉरेन्स तासाभरावर आहे, रात्रीचे दिवे बघायला नेलं तर काय बिघडलं?”

ड्रायव्हरचं घड्याळ

युरोपियन युनियनमध्ये ट्रक आणि बसच्या ड्रायव्हरने किती वेळ गाडी चालवायची आणि किती वेळ झोपायचं, याचा एक सामायिक कायदा आहे. तो २००६ मध्ये मंजूर झाला आणि २००७ च्या एप्रिलपासून लागू झाला. त्यातले मुख्य आकडे असे:

- दिवसाला जास्तीत जास्त ९ तास ड्रायव्हिंग. आठवड्यातून दोनदा १० तास चालतं.
- आठवड्याला ५६ तास आणि सलग दोन आठवडे मिळून ९० तास ही कमाल मर्यादा.
- साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांचा ब्रेक.
- रोज सलग ११ तास विश्रांती. दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये तीनदा ती ९ तासांवर आणता येते.

आपलं लक्ष पहिल्या आकड्याकडे जातं, पण टूरचा दिवस बांधतो तो शेवटचा. ड्रायव्हरचं काम सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत त्याची ११ तासांची विश्रांती पूर्ण व्हायला हवी. २४ मधून ११ गेले की उरले १३. म्हणजे सकाळी सव्वासातला बॅगा चढवायला हात लावलेल्या माणसाने रात्री सव्वाआठपर्यंत काम थांबवलं पाहिजे. मधले चार तास बस पार्किंगमध्ये उभी होती का, याने एरवी काही फरक पडत नाही. १३ तास मोजले जातात ते दिवसाच्या सुरुवातीपासून.

आपल्या वेळापत्रकात ड्रायव्हर पावणेआठला मोकळा होतो. म्हणजे अख्ख्या दिवसात हाताशी उरलेली मोकळीक आहे अर्धा तास! फ्लॉरेन्सला दोन कुटुंबं पंधरा मिनिटं उशिरा आली आणि पिसाच्या वाटेवर वीस मिनिटं ट्रॅफिक लागला, की संपली.

मग ड्रायव्हरकडे दोन वाटा असतात. त्या रात्री ९ तासांचीच विश्रांती घ्यायची, म्हणजे सव्वादहापर्यंत काम करता येतं. पण ही सवलत तीनदाच आहे. ती दुसऱ्या दिवशी वापरली, तर टूरच्या पाचव्या दिवशी घाटात बर्फ पडल्यावर काय करायचं? दुसरी वाट म्हणजे दुसऱ्या दिवशी बस उशिरा काढायची. मग सकाळी नाश्त्याच्या टेबलावर वेगळी कुरकुर सुरू होते.

कायद्यात आणखी एक सोय आहे. ड्रायव्हरला दिवसा सलग ३ तास पूर्ण मोकळे मिळाले आणि रात्री ९, तर तीही पूर्ण विश्रांतीच धरली जाते आणि दिवस लांबवता येतो. आपण शहर बघत असताना मागच्या सीटवर पाय पसरलेला ड्रायव्हर दिसतो, तो बहुतेक वेळा हेच तीन तास कमावत असतो. पण फ्लॉरेन्समधल्या चार तासांतून बस पार्किंगला नेणं आणि परत आणणं वजा केलं, तर सलग तीन उरतीलच असं नाही. त्यात कुणी काका मध्येच येऊन “जरा डिकी उघड, गोळ्या राहिल्यात” म्हणाले, तर ती सलग विश्रांती मोडते. औषधाची पिशवी खांद्याला लावून उतरण्याचं महत्त्व इथे आहे.

हे कळतं कुणाला?

“इथे कोण बघतंय?” हा आपला नेहमीचा प्रश्न. उत्तर आहे, टॅकोग्राफ. ड्रायव्हरच्या समोर बसवलेलं हे यंत्र गाडी कधी चालली, कधी थांबली, किती वेगाने गेली हे सगळं नोंदवतं. प्रत्येक ड्रायव्हरचं स्वतःचं कार्ड असतं, ते यंत्रात घातल्यावर नोंद त्याच्या नावावर जमा होते. पोलिस रस्त्यात बस थांबवून ते कार्ड वाचू शकतात. पूर्वी त्या दिवसाच्या आणि आधीच्या २८ दिवसांच्या नोंदी दाखवाव्या लागायच्या. २०२४ च्या शेवटापासून मागच्या ५६ दिवसांच्या नोंदी तपासता येतात. म्हणजे आज आपल्यासाठी केलेला ‘अपवाद’ महिनाभराने, दुसऱ्याच ग्रुपला नेताना, दुसऱ्याच देशात ड्रायव्हरला महागात पडू शकतो.

कायद्याने जबाबदारी एकट्या ड्रायव्हरवर टाकलेली नाही. वाहतूक कंपनीने आणि टूर ऑपरेटरनेही वेळापत्रक या नियमांत बसेल असंच ठरवलं पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. जास्त अंतर कापण्यासाठी किंवा लवकर पोहोचवण्यासाठी असा बोनस द्यायलाही बंदी आहे, ज्यामुळे रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल. सुरक्षित थांब्यापर्यंत पोहोचण्यासाठी मर्यादा ओलांडायला अपवाद आहे. फोटोसाठी मात्र नाही.

हे सगळं कशासाठी, ते वेगळं सांगायला नको. दमलेला ड्रायव्हर स्वतःला दमलेला समजत नाही, हीच थकव्यातली मोठी अडचण. म्हणून ‘मी ठीक आहे’ हा निर्णय त्याच्यावर न सोडता यंत्रावर सोडलाय. भारतातही १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती असे आकडे घातले होते. ते युरोपपेक्षा कडकच होते. फरक आहे तो प्रत्येक मिनिट नोंदवणाऱ्या यंत्राचा आणि ते यंत्र रस्त्यावर तपासण्याचा.

एकच ड्रायव्हर बारा दिवस?

साधारणपणे सहा दिवसांनंतर ड्रायव्हरला साप्ताहिक सुट्टी द्यावीच लागते. पण टूर बसेससाठी ‘बारा दिवसांचा नियम’ आहे. एकच ग्रुप घेऊन एकच सहल चालू असेल, तर काही अटींवर सुट्टी बाराव्या दिवसापर्यंत पुढे ढकलता येते आणि नंतर ती भरपाईसह द्यावी लागते. म्हणून १०-१२ दिवसांच्या टूरला बऱ्याचदा तोच ड्रायव्हर शेवटपर्यंत असतो आणि लांबच्या टूरला मध्येच चेहरा बदलतो.

२०२४ च्या मे महिन्यापासून टूर बसेससाठी नियम थोडे सैल झाले. ४५ मिनिटांचा ब्रेक आता किमान १५-१५ मिनिटांच्या दोन तुकड्यांत घेता येतो, फक्त बेरीज ४५ झाली पाहिजे. आधी तो १५ आणि ३० असाच तोडता यायचा. शिवाय ज्या दिवशी ड्रायव्हिंग सात तासांपेक्षा जास्त नाही, अशा एखाद्या दिवशी रात्रीची विश्रांती तासभर उशिरा सुरू करता येते. तीही सहलीत एकदा, आणि किमान आठ दिवसांची सहल असेल तर दोनदा. बारा दिवसांचा नियमही आता एकाच देशातल्या सहलींना लागू झालाय. प्रवाशांच्या वेळा ट्रकमधल्या मालासारख्या ठरवता येत नाहीत, हा बस कंपन्यांचा मुद्दा होता. ड्रायव्हरांच्या संघटनांनी मात्र याला विरोध केला. दिवसभर गाडी, बॅगा आणि प्रवासी सांभाळणाऱ्या माणसाचा थकवा अशाने वाढेल, असं त्यांचं म्हणणं.

शहराच्या वेशीवरच थांबा

ड्रायव्हरचं घड्याळ झालं. आता शहरांचं बघू.

इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांचा मध्यभाग ‘झेडटीएल’ असतो, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. परवानगी नसलेली गाडी आत गेली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस मालकाच्या पत्त्यावर जाते. टूर बसला तर शहरात शिरण्यासाठी वेगळा परवाना आणि शुल्क लागतं. रोमने १ जानेवारी २०१९ पासून टूर बसेसना ऐतिहासिक मध्यभागात जवळपास बंदीच घातली.

याचा अर्थ, बस तुम्हाला कथेड्रलच्या दारात सोडणार नाही. ठरलेल्या जागी उतरायचं आणि चालायचं. पिसामध्ये टूर बसेसचा तळ व्हिया पिएत्रासांतीना या रस्त्यावर आहे. तिथून मनोऱ्याच्या चौकापर्यंत एक किलोमीटरहून जास्त अंतर आहे. चालत किंवा शटलने जायचं, आणि तसंच परत यायचं. गुडघेदुखी असलेल्या माणसाला याची कल्पना आधी दिलेली नसेल, तर पिसा म्हणजे मनोरा नव्हे, ती चाल लक्षात राहते.

आदल्या दिवशीचं व्हेनिस यात सगळ्यात पुढे आहे. टूर बस त्रोंकेत्तो या कृत्रिम बेटावर थांबते, पुढचा प्रवास बोटीने. १ ऑगस्ट २०२४ पासून गाइडसोबतचा ग्रुप २५ जणांपेक्षा मोठा नसावा असा नियम आहे. लाऊडस्पीकरला बंदी आहे आणि अरुंद गल्लीत किंवा पुलावर घोळका करून उभं राहायचं नाही. ४५ जणांच्या बसचे इथे दोन ग्रुप होतात आणि गाइडही दोन लागतात. कानात घालायचे रिसीव्हर वाटले जातात ते यासाठी.

हे नियम पर्यटकांना त्रास द्यायला केलेले नाहीत. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५० च्या सुमारास पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहायचे. २०२२ मध्ये तो आकडा ५० हजारांच्या खाली गेला. ज्या गल्लीत आपण सेल्फीसाठी थांबतो, ती कुणाचीतरी दवाखान्यात जायची वाट असते.

व्हेनिसचा आणखी एक नियम खिशाशी निगडित आहे. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, सकाळी ८:३० ते दुपारी ४ या वेळेत, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे. २०२४ मध्ये असे २९ दिवस होते आणि शुल्क ५ युरो. २०२५ मध्ये दिवस झाले ५४, आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांना १० युरो. १४ वर्षांखालच्या मुलांना माफी आहे. यात गंमत अशी की ‘व्हेनिसजवळचं हॉटेल’ मेस्त्रेमध्ये असेल तर ते व्हेनिस महापालिकेच्याच हद्दीत येतं, त्यामुळे शुल्क माफ. पण माफीची नोंदणी करावी लागते. पाडुआ मात्र हद्दीबाहेर. म्हणजे हॉटेल वीस-पंचवीस किलोमीटर इकडे-तिकडे झालं की हिशोब बदलतो.

बोलायचं कुणी?

“आपला टूर मॅनेजर इतका हुशार आहे, तोच का नाही सांगत सगळं?” हा प्रश्नही नेहमीचा. इटलीत गाइडचं काम परवानाधारकानेच करायचं असतं. २०२३ च्या डिसेंबरमधल्या कायद्याने त्यासाठी देशभर एकच परीक्षा आणि एकच नोंदणी आणली. टूर मॅनेजर ग्रुप सांभाळतो, खोल्या, जेवण, पासपोर्ट बघतो आणि बसमध्ये माहिती देतो. पण स्मारकासमोर उभं राहून गाइड म्हणून समजावणं त्याच्या अधिकारात नाही. स्थानिक गाइडचे तास ठरलेले असतात. ग्रुप अर्धा तास उशिरा पोहोचला तर तो अर्धा तास बहुतेक वेळा दर्शनातूनच कापला जातो.

‘बघणे’ आणि ‘बाहेरून बघणे’

टूरच्या पत्रकातल्या शब्दांवर आता नजर टाका. ‘डेव्हिडचा पुतळा पाहणे’ असं लिहिलं असेल तर कुठला डेव्हिड, हे विचारा. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ मध्ये घडवलेला, पाच मीटरहून उंच मूळ पुतळा १८७३ पासून अकादेमिया या संग्रहालयात आहे. सिन्योरिया चौकात दिसते ती १९१० मध्ये उभारलेली प्रतिकृती. मिकेलांजेलो चौकात, शहराच्या वरच्या टेकडीवर, आणखी एक ब्राँझची प्रतिकृती आहे. मूळ पुतळा बघायचा तर वेगळं तिकीट, वेगळी वेळ, आणि तो दिवस सोमवार नको. अकादेमिया आणि उफिझी ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. टूर फ्लॉरेन्सला कुठल्या वारी पोहोचते, एवढ्यावरही बरंच ठरतं.

पिसाचंही तसंच. मनोऱ्याचं काम ११७३ मध्ये सुरू झालं आणि खालच्या मऊ मातीमुळे तो बांधतानाच झुकायला लागला. १९९० मध्ये कल साडेपाच अंशांवर गेला, म्हणून तो लोकांसाठी बंद केला. इंजिनिअरांनी कललेल्या बाजूच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे उत्तरेकडची माती थोडी थोडी काढून तो सुमारे ४५ सेंटीमीटर मागे आणला आणि २००१ च्या डिसेंबरमध्ये तो पुन्हा उघडला. आज वर चढता येतं, पण तिकिटावर वेळ छापलेली असते आणि आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. ज्या दिवसात मोकळीक अर्ध्या तासाची आहे, त्या दिवसात वेळ ठरलेलं तिकीट काढणं म्हणजे जोखीमच. म्हणून बहुतेक ग्रुप मनोरा बाहेरून बघतात.

स्वच्छतागृहाचं गणित

हसण्यावारी नेऊ नका, टूरचा दिवस इथेही ठरतो. समजा बसमध्ये ४५ जण आहेत, त्यातल्या २५ बायका. रस्त्यातल्या थांब्यावर महिलांसाठी तीन जागा मोकळ्या आहेत आणि प्रत्येकीला दोन मिनिटं लागतात. पंचवीस दुणे पन्नास, भागिले तीन. साधारण १७ मिनिटं. त्याच वेळी दुसरी बस आली असेल तर दुप्पट. अर्ध्या तासाच्या थांब्यात मग कॉफीला उरतात दहा-बारा मिनिटं. त्यातही इटलीतल्या हायवेवर रीत उलटी आहे. आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची, मग ती काउंटरवर दाखवून कॉफी मिळते. हे माहीत नसलं की एकाच माणसाच्या दोन रांगा होतात.

मग दिवसाचं झालं काय?

पावणेआठ ते सव्वासात, म्हणजे ११ तास ३० मिनिटं. त्याची वाटणी अशी:

- धावत्या बसमध्ये: ५ तास
- रस्त्यातला थांबा: ३० मिनिटं
- बसपासून स्मारकापर्यंत जाणं-येणं, दोन्ही शहरं मिळून: १ तास २० मिनिटं
- जेवण: १ तास
- प्रत्यक्ष बघणं: ३ तास ४० मिनिटं

यातले सव्वादोन-अडीच तास फ्लॉरेन्सला आणि दीडेक तास पिसाला. ‘एका दिवसात दोन शहरं’ याचा खरा अर्थ हा.

हे वाईट आहे का? प्रत्येकासाठी नाही. भाषेची अडचण, व्हिसाचे कागद, शाकाहारी जेवण, जड बॅगा हे सगळं कुणीतरी सांभाळणं ही अनेकांसाठी मोठी गोष्ट असते. पासष्टीच्या काकू एकट्याने फ्लॉरेन्सला कधी गेल्या नसत्या, त्या मैत्रिणींसोबत जाऊन येतात. प्रश्न इतकाच आहे की आपण कशाचे पैसे देतोय, हे देण्याआधी कळायला हवं.

बुकिंगच्या आधी विचारायचे सहा प्रश्न

१. हॉटेल नेमकं कुठल्या गावात आहे? ‘फ्लॉरेन्स परिसर’ या उत्तरावर थांबू नका, गावाचं नाव घ्या आणि नकाशावर बघा.

२. प्रत्येक शहरात बस थांबल्यापासून निघेपर्यंत किती तास? त्यात जेवण धरलंय का?

३. पत्रकातली कुठली ठिकाणं आतून आहेत आणि कुठली बाहेरून? तिकीट पैशांत धरलेलं आहे का?

४. बसच्या तळापासून किती चालायचं आहे? शटल, व्हीलचेअर याची काय सोय?

५. स्थानिक गाइड कुठल्या शहरांत आहे आणि किती तास?

६. संध्याकाळची ‘ऑप्शनल’ सहल त्याच बसने की दुसऱ्या? तीच बस आणि तोच ड्रायव्हर असेल, तर दुसऱ्या दिवशी बस किती वाजता निघणार? वेगळी गाडी आणि वेगळा ड्रायव्हर असेल, तर तिचे जास्तीचे पैसे कशाचे, हेही कळतं.

टूरवर असताना करण्यासारखी गोष्ट एकच. वेळ मोडण्याऐवजी वेळ वाचवा. पाणी, गोळ्या, स्वेटर, सुटे युरो सोबत घेऊन उतरलं की बसकडे परत धावावं लागत नाही. एकाने पंधरा मिनिटं उशीर केला, तर तो उशीर ४५ जणांचा होतो आणि पुढच्या शहरातून वजा होतो.

आणि बस थांबली म्हणजे दिवस संपला असंही नाही. विश्रांती ड्रायव्हरला सक्तीची आहे, तुम्हाला नाही. ज्या मोंतेकातिनी तेर्मे गावात ग्रुप फक्त झोपायला येतो, ते गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या युरोपातल्या अकरा ‘स्पा’ गावांपैकी एक आहे. तिथून टेकडीवरच्या जुन्या वस्तीत जाणारी लाल डब्यांची रोप-रेल्वे १८९८ पासून आहे. हंगामात ती चालू असेल तर जेवणाआधी वर जाऊन येता येतं. नसेल तर गावातली बाग आहे, चौक आहे, जिलेटोचं दुकान आहे. तिथे ‘चला चला’ म्हणणारं कुणी नसतं.